चिकन-दोडका वोक, अपडेट ७ : पाणी सुटायचं थांबलं!!

मंडळी, वोकमध्ये (म्हणजे खोलगट चिनी कढईत) चिकन आणि दोडका मोठ्या आचेवर परतायचा, पण पाणी सुटून तो शिजू द्यायचा नाही, हाच माझा खटाटोप चालू आहे. काल रात्री पावणेनऊला वोकमधून शेवटपर्यंत चर्र असाच आवाज येत राहिला. एकदाही पाणी सुटून रटरट नाही. ज्यांनी आधीचे सहा अपडेट वाचलेत त्यांना कळेल मला काय वाटलं असेल ते, मी गॅस बंद करून तशीच दोन मिनिटं उभी होते.

चिकनचं आधी सांगते कारण ते कोडं आता सुटलंय. मागच्या वेळी ठरलं तसं बोनलेस ब्रेस्ट ३५० ग्रॅम, फ्रीझरमध्ये पाऊण तास ठेवून जरा कडक झाल्यावर धाग्यांना आडवं कापायचं, पाव इंचापेक्षा पातळ. पाव चमचा बेकिंग सोडा चोळून १५ मिनिटं, मग धुवून, पिळून, कोरडं करून कॉर्नफ्लॉवर, सोया सॉस आणि तेल एकेक चमचा. धुवायचं मात्र विसरू नका, एकदा विसरले होते तर साबणासारखी चव आली. आणि चिकनवाल्याला आधीच सांगा की तुकडे करून नळाखाली धुवू नकोस. आमच्या नेहमीच्या दुकानात पिशवीच्या तळाला कायम अर्धी वाटी पाणी असायचं, मी वजन करून बघितलं आणि दुकानच बदललं. आता जिथून आणते तो किलोमागे २० रुपये जास्त घेतो पण माल कोरडा देतो. माझ्या मते या प्रकारात सगळ्यात जास्त फरक त्या २० रुपयांनी पडला, त्याखालोखाल वोकचा नंबर.

आता दोडका. गेले तीन आठवडे याच्यातच गेले.

हट्ट माझाच होता की उन्हाळ्यात सोलापुरात जे ताजं मिळतं तेच वापरायचं, म्हणजे दोडका, गवार, कांदा, कैरी. ब्रोकोली आणि लाल-पिवळी सिमला मिरची इथे येईपर्यंत निम्मी सुकलेली असते आणि भाव ऐकून पुढचं विचारावंसंच वाटत नाही. पण दोडक्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी. टेम्परेचर गनने, म्हणजे लांबूनच तापमान दाखवणाऱ्या यंत्राने, बघितलं (वोक आता चांगला काळा झालाय म्हणून रीडिंग पटण्यासारखं येतं, नवा चकचकीत असताना काहीही दाखवायची), रिकामा तापलेला वोक २८० डिग्री आणि ३०० ग्रॅम दोडका पडल्यावर दीड मिनिटात शंभराच्या आत. शंभर म्हणजे पाणी उकळतंय, म्हणजे आपण परतत नाही, शिजवतोय, आणि रंग यायला निदान १४० तरी लागतं.

मग वही घेऊन हिशोब मांडला. १०० ग्रॅम पाण्याची वाफ करायला साधारण २२५ किलोज्यूल लागतात. माझा मोठा बर्नर अडीच किलोवॅटचा, त्यातली निम्मी उष्णता भांड्यात जाते असं धरलं तर निव्वळ तेवढं पाणी उडवायलाच तीन मिनिटं. तीन मिनिटांत दोडक्याचा लगदा होतो. तेव्हा पाणी वोकमध्ये उडवायचंच नाही, ते आत जायच्या आधीच काढायचं, हे मला इतक्या उशिरा सुचलं.

मीठ लावून पिळून बघितलं, कारल्यासारखं. पाणी गेलं पण फोडी लिबलिबीत झाल्या आणि खारटपणा धुतला तरी जाईना. मधला गर काढून फक्त बाहेरचा भाग घेतला, बराच फरक पडला पण पुरेसा नाही. दोन बॅच केल्या, तरी शेवटच्या मिनिटाला रटरट सुरूच.

आणि काल गच्चीवर सासूबाईंच्या कुरडया वळवायला गेले. बेचाळीस डिग्री ऊन, सकाळी ओल्या घातलेल्या कुरडयांच्या कडा अकरालाच पांढऱ्या पडून कडक झालेल्या. तिथेच डोक्यात आलं. खाली येऊन दोडका सोलला, गर काढला, बोटाएवढ्या तिरक्या फोडी केल्या आणि त्याच धोतराच्या एका कोपऱ्यात पसरल्या. सासूबाई म्हणाल्या, "अगं दोडक्याचे सांडगे करतेस की काय?" मी म्हटलं, "नाही आई, तासाभरात उचलते." ५० मिनिटांनी वजन केलं तर ३०० चे २३५ ग्रॅम! फोड हातात घेतली तर कड जराशी आत वळलेली, वरून कोरडी, कागदासारखी, पण मधे दाबली की अजून रसरशीत. हेच हवं होतं. (चिकन अर्थातच या सगळ्या वेळात फ्रीजमध्ये, उन्हाचा प्रयोग फक्त भाजीवर.) या फोडी झाकून ठेवल्या आणि रात्री वापरल्या.

पुढचं सगळं आठ मिनिटांत. वोक धूर येईपर्यंत तापवून रिफाइंड शेंगदाणा तेल. घाण्याचं तेल मला चटणीवर प्रचंड आवडतं पण इतक्या आचेवर ते लवकर धुरकटतं आणि वासही मरतो, इथे वापरू नका. चिकन दोन बॅचमध्ये, टाकल्यावर ४० सेकंद हात लावायचा नाही, मग परतून बाहेर. मग दोडका एकटाच दीड मिनिट, कडांना तपकिरी डाग आले!! पहिल्यांदाच! मग दोन मिनिटं उकळून कोरडी केलेली कोवळी गवार, कांद्याच्या पाकळ्या, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, चिकन परत आत, आणि गॅस बंद करताना कैरीचे बारीक काप. सोया सॉस कडेने, मीठ अगदी शेवटी. व्हिनेगर आता कायमचं बाद, कैरीचा आंबटपणा वेगळाच लागतो. मुलाने गवार न निवडता खाल्ली, एवढं पुरे.

दोडक्याच्या शिरा टाकल्या नाहीत, तीळ घालून चटणी केली.

मोठी भट्टी घ्यायचं ठरवत होते ते तूर्त रद्द. पुढचा प्रयोग ढेमसं असं लिहिणार होते पण लिहिता लिहिता लक्षात आलं की जूनमध्ये पाऊस लागला की ऊन कुठून आणणार? मग आधी फ्रीजचंच बघते. आज रात्री फोडी जाळीवर उघड्या ठेवते, सकाळी वजन करते, त्याच दोडक्याच्या निम्म्या फोडी उद्या उन्हात म्हणजे तुलना नीट होईल. पंख्याखालीही एक ताट ठेवेन. कुणी पडवळावर हे करून बघितलं असेल तर किती वेळ ठेवलं आणि वजन किती उतरलं तेवढं सांगा, उद्या बाजारात कोवळं दिसलं तर घेऊनच येते.