साउंडचा बल्ब

पुण्याहून फिल्मचा डबा यायचा तो मिरजेला गाडी बदलून. मिरजेपर्यंत ब्रॉडगेज, पुढं बेळगावपर्यंत मीटरगेज. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आमचं कॉलेज तेव्हा धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली. इथलं राणी चन्नम्मा विद्यापीठ व्हायला २०१० उजाडायचं होतं. मी फिजिक्स लॅबचा अटेंडर. १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर लॅबच्या कपाटात असायचा, म्हणून फिल्म क्लबचा ऑपरेटरही मीच. टॉकीजला कधी न लागणारे सिनेमे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातून आणायचे आणि मेंबरांना दाखवायचे, एवढाच क्लबचा कारभार.

त्या शनिवारी ‘घटश्राद्ध’ होता. गिरीश कासरवल्लींचा १९७७ चा कन्नड सिनेमा, सुवर्णकमळवाला. हॉलमध्ये मराठी पोरं डावीकडं, कन्नड पोरं उजवीकडं. तसं बसा म्हणून कुणी सांगितलेलं नव्हतं. कन्नड न समजणाऱ्यांसाठी खाली इंग्रजी अक्षरं होती, पण खेड्यातनं आलेल्या पोरांची ती वाचेपर्यंत पुसली जायची.

दुसरं रीळ लावलं आणि पाचव्या मिनिटाला आवाज गेला.

“आवाज गेला की ओ, मामा!”

फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी असते. एका बारक्या बल्बचा उजेड तिच्यातनं पलीकडच्या फोटोसेलवर पडतो, त्याचाच आवाज होतो. तो बल्ब उडाला होता. चित्राच्या मोठ्या दिव्याचे दोन स्पेअर माझ्या खिशात; ह्याचा एकही नाही. चूक सरळ माझी. डबा उद्याच्या गाडीनं परत जायचा होता, म्हणजे शो पुढं ढकलायचीही सोय नव्हती.

मी मशीन बंद करणार, तेवढ्यात डावीकडनं बी.ए.ची एक मुलगी उठली. खालची इंग्रजी अक्षरं बघून मराठीत मोठ्यानं सांगायला लागली. दोन मिनिटं गेली नसतील, उजवीकडचा एक पोरगा तेच कन्नडमध्ये सांगायला लागला. आता कन्नड सिनेमा इंग्रजीतनं फिरून पुन्हा कन्नडमध्ये येत होता! आमच्या कन्नडच्या सरांनी अनंतमूर्तींची मूळ कथा वाचलेली. ते अंधारातनंच पोराला दुरुस्त करत होते, “तसं नाही, तसं नाही.” मग पोरगा थांबायचा, मुलगीही थांबायची, सर सांगायचे, मुलगी ते मराठीत करायची. तोवर चित्र दोन वाक्यं पुढं गेलेलं असायचं. हॉल हसायचा.

तिसऱ्या रिळात हसणं आपोआप थांबलं. वेदपाठशाळेच्या गुरूची विधवा मुलगी, यमुना. दिवस गेले म्हणून तिच्या जिवंतपणी बापच तिचं श्राद्ध घालतो. त्या विधीचं नाव आलं तेव्हा मुलगी आणि पोरगा दोघं एकदमच बोलले. शब्द दोन्हीकडं एकच. पुढं दोघांनीही सांगायचं सोडलं. मुंडन झालेली यमुना पडद्यावर आली तेव्हा हॉलमध्ये फक्त माझ्या मशीनची खटखट होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्या खटखटीची लाज वाटली.

सगळे गेल्यावर तिन्ही रिळं उलटी गुंडाळली, डब्यात भरली. परतीच्या कागदावर प्रिंटची हालत लिहायची असते. ‘ठीक’ लिहिलं. आवाजाबद्दल काही लिहिलं नाही; प्रिंटचा त्यात दोष नव्हता.