खर्रा म्हणजे सिगारेट नव्हे

बाबांच्या मानेच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणाऱ्या मॅडम फॉर्म घेऊन आल्या. "काका, सिगारेट-बिडी ओढता का?" बाबांनी छाती काढून सांगितलं, "आयुष्यात हात नाही लावला." खरंच नाही लावला. मॅडमनी "नाही" वर टिक केली, दारूच्या रकान्यातही "नाही" केलं आणि पुढच्या पलंगाकडे वळल्या. मी शेजारी स्टुलावर बसले होते. बाबांच्या टांगलेल्या शर्टाच्या खिशात त्या वेळी खर्ऱ्याची अर्धी पुडी होती. मला ती दिसत होती. तरी मी गप्प बसले.

बाहेरगावच्यांसाठी सांगते. सुपारी, तंबाखू, चुना हे सगळं प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून पानठेलेवाला फळीवर रगडून रगडून एकजीव करतो, तो आमचा खर्रा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण नागपुरात खर्ऱ्याला कोणी व्यसन धरत नाही. पाहुण्यापुढेही पन्नी उघडून धरतात. बाबांचे दिवसाला चार ठरलेले. पुढे हे सगळं उलगडलं तेव्हा ते सर्जनलाच म्हणाले, "खर्रा म्हणजे काय सिगरेट आहे का? धूर कुठं निघते त्यातून?"

मी इतवारीत एका किराण्याच्या ठोक दुकानात हिशेब लिहिते. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झाले, वय ६८. दुखणं मानेचं होतं, पण मान कधीच दुखली नाही त्यांची. आधी शर्टाची बटणं लागेनाशी झाली. मग चालता चालता पायातली चप्पल मागे राहायची आणि त्यांना पत्ताच नसायचा. शेवटी बँकेने सही जुळत नाही म्हणून पैसे काढायचा फॉर्म परत केला, तेव्हा मी घाबरले. एमआरआयमध्ये दिसलं की मानेतल्या मज्जारज्जूवर तीन ठिकाणी दाब आहे. सर्जन म्हणाले, गोळ्यांनी हे थांबणार नाही, मागून उघडून दाब काढायचा आणि स्क्रू-रॉड बसवायचे. धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात १० एप्रिलला ऑपरेशन झालं. झालंही चांगलं. तिसऱ्या दिवशी बाबांनी स्टीलचा पेला एका हाताने धरला, आणि आई पदर तोंडाला लावून कॉरिडॉरमध्ये गेली.

१५ तारखेला आम्ही घरी आलो आणि २२ तारखेला परत त्याच वॉर्डात.

त्या सात दिवसांत काय झालं, ते मी नंतर वहीत तारीखवार मांडलं. माझी सवयच ती.

वॉर्डात बाबांची शुगर दिवसातून चारदा बघत आणि आकड्याप्रमाणे इन्सुलिन देत. डिस्चार्जच्या कागदावर मात्र घरच्या जुन्याच दोन गोळ्या लिहिलेल्या. इन्सुलिनचा उल्लेखच नाही. गडबडीत राहिला असेल. पण मीही विचारलं नाही की वॉर्डात जे टोचत होता त्याचं घरी काय करायचं. गाडी बाहेर उभी होती, आई सामान मोजत होती, भाऊ पुण्याहून फोनवर "निघालात का" करत होता. ऑपरेशनआधी एचबीए१सी ८.९ आलं होतं, म्हणजे मागचे तीनेक महिने साखर चढलेलीच होती. ठरवून करायच्या ऑपरेशनला हा आकडा साडेसात-आठच्या आत असलेला बरा, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलेलं. पण पाय दर आठवड्याला जास्त लटपटत होते, थांबणंही परवडणारं नव्हतं. हे मला आजही पटतं. पटत नाही ते नंतरच्या सात दिवसांतलं आमचं वागणं.

कारण घरी भेटायला येणारे रिकाम्या हाताने येत नाहीत. कोणी चिकू, कोणी संत्रा बर्फीचा डबा. बाबांनी बर्फी खाल्ली नाही असं आई अजून सांगते. डबा कसा रिकामा झाला, हे तिला विचारू नये. बाकी जेवण काय, तर मऊ भात आणि दूध-पोळी. आजारी माणसाला हलकं द्यायचं, हे आपल्या हाडात बसलेलं. रक्तात अल्ब्युमिन म्हणून एक प्रोटीन तपासतात, ते ३.५ च्या खाली गेलं तर जखम भरायला वेळ लागतो आणि परत भरती व्हायचा धोका वाढतो. बाबांचं ३.१ होतं. रिपोर्ट फाइलमध्ये होता. आकडा ठळक अक्षरात छापलेला होता, आणि मी आकडे वाचून पोट भरणारी बाई.

त्यात नागपूरचा एप्रिल. पारा ४३ वर. मानेला कॉलर, कॉलरच्या आत फोमची पट्टी, पट्टीखाली मागच्या केसांपासून खाली गेलेली विताएवढी जखम आणि तिच्यावर टाके. कूलर चालू असला तरी मानेमागे घामाची धार. फोमच्या पट्ट्या धुवायच्या असतात, जोडी ठेवून आलटून-पालटून वापरायच्या असतात, हे मला दुसऱ्या वेळी सिस्टरनी सांगितलं. पहिल्या वेळी पट्टी चार दिवस तीच होती. मी ती नाकाशी नेली तेव्हा कळलं.

आणि खर्रा. हॉस्पिटलात पाच दिवस बंद होता. सहाव्या दिवशी वर्कशॉपमधले एक जुने दोस्त भेटायला आले आणि उठता उठता उशीखाली पुडी सरकवून गेले. प्रेमानेच दिली, त्यात शंका नाही. सर्जननी नंतर समजावलं की निकोटीन धुरातून आलं काय नि गालातून आलं काय, रक्तात जाऊन बारीक नसा आवळतं. जखमेला रक्त कमी पोचतं आणि हाड जुळायला उशीर होतो. ऑपरेशनच्या आधी चार-सहा आठवडे आणि नंतर काही महिने बंद पाहिजे. "तुम्ही फॉर्मवर नाही सांगितलं होतं," एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

२० तारखेला जखमेचं खालचं टोक लाल दिसलं. मी फोटो काढून भावाला पाठवला. तो म्हणाला, उद्या बघू. २१ ला ड्रेसिंगवर रुपयाएवढा पिवळसर डाग, रात्री अंगात कणकण. २२ ला सकाळी ताप १०१, शुगर ३१२. लालसर होतं त्याच दिवशी ड्रेसिंगसाठी नेलं असतं तर कदाचित गोळ्यांवर निभावलं असतं. कदाचित नसतंही. त्या दोन दिवसांचा हिशेब माझ्या वहीत अजून जुळत नाही.

दुसऱ्यांदा थिएटरमध्ये नेऊन जखम उघडून धुतली. पू तपासायला गेला, स्टॅफिलोकॉकस निघाला, म्हणजे आपल्याच कातडीवर राहणारा जंतू. स्क्रू-रॉड तसेच ठेवता आले, हे नशीब. नऊ दिवस शिरेतून अँटिबायोटिक.

शेजारच्या पलंगावर भंडाऱ्याकडचे एक काका होते, धानाची शेती असलेले. तेही परत आलेलेच. त्यांचं ऑपरेशन गळ्याच्या पुढून झालेलं, दोन मणक्यांमधली चकती काढून. पुढून केलं तर जखम छोटी आणि चिघळायची भीती कमी, म्हणून परत यावं लागणारे मागून केलेल्यांपेक्षा कमी असतात. पण अन्ननलिका बाजूला सारून काम करावं लागतं, त्यामुळे सुरुवातीला गिळायला त्रास होतो. काकांना भात उतरेना. भंडाऱ्याचा माणूस आणि भात नाही! पोळी तर लांबच. आठवडाभर पाण्यावर नि चहावर काढला, मग चक्कर येऊन पडले. त्यांच्या सुनेला कोणी सांगितलंच नव्हतं की पातळ खिचडी, मिक्सरमधलं वरण, हनुवटी खाली घेऊन छोटे घोट, असं चालवायचं असतं. गळा पुढून सुजून श्वास कोंडला तर मात्र घरी थांबायचं नाही, तडक निघायचं, हे त्या दोघांना दुसऱ्या डिस्चार्जच्या वेळी कळलं.

आमच्या दुसऱ्या डिस्चार्जला मी वही उघडूनच बसले. सिस्टर कंटाळल्या असतील. इन्सुलिन किती, कधी, शुगर किती झाली तर फोन करायचा. शौचाला जोर लावायचा नाही, मग दुखण्याच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ झालं तर काय द्यायचं. लघवी अडली तर? बाबांना प्रोस्टेटचा त्रास आधीपासून, त्यामुळे हा प्रश्न मी दोनदा विचारला. दंड अचानक उचलला जाईना झाला तर? तर लगेच दाखवा, म्हणाल्या. मागून केलेल्या ऑपरेशननंतर काही दिवसांनी असं होऊ शकतं, बहुतेकांचं काही महिन्यांत सुधारतं. रात्री दोनला फोन कोण उचलेल, हेही लिहून घेतलं.

पैशाचं एक सांगते, कारण ते कोणी सांगत नाही. आमची पॉलिसी तीन लाखांची. पहिल्याच बिलात दोन लाख सत्तर हजार गेले. मला वाटलं दुसरी भरती म्हणजे नवा क्लेम, नवं काहीतरी मिळेल. आरोग्य विम्याच्या कागदात "एक आजार" याची व्याख्या असते. शेवटच्या सल्ल्यापासून ४५ दिवसांच्या आत तोच त्रास उलटला तर तो त्याच आजारात धरतात. तीस हजार मिळाले, वरचं आम्ही भरलं. पॉलिसी घेताना मी ते पान वाचलं नव्हतं.

जखम भरायला मे संपला. आई आता डाळीचं वरण घट्ट करते आणि बर्फी आणणाऱ्याला दारातूनच सांगते, "घरी लेकरांले न्या." खर्रा बंद आहे असं बाबा म्हणतात. मी शर्ट धुवायला टाकताना खिसे तपासते आणि ते मला तपासताना बघतात. सही अजून वाकडी येते, बँकेत नवीन नमुना दिला.

भंडाऱ्याच्या काकांचा दर रविवारी फोन असतो. दोघं जेवणाचंच बोलतात. परवा आई दारामागे खिळ्याला टांगलेली कॉलर कोणाला तरी देऊन टाकायचं म्हणत होती. बाबा म्हणाले, "थांब ना, भंडाऱ्यावाल्याले विचारून पाहू, त्याले लागते का."