तुम्ही विचारलंत म्हणून: बॉनेटखालच्या वायरी गेल्या कुठे?

माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताई, वायरी गेल्या कुठे?" डिचोलीच्या आमच्या गॅरेजात म्हापशाहून, फोंड्याहून, अगदी सावंतवाडीहून येणारी मुलं हेच विचारतात. मागोमाग दुसरा प्रश्न येतो, "यानं गाडी जास्त पळते का?" हातात काम असतं, त्यामुळे उत्तर अर्धवट राहतं. आज सगळं नीट लिहिते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, ते आधी देते. नाही पळत. वायरी हलवल्यानं एकही अश्वशक्ती वाढत नाही. माझी गाडी 2001 ची होंडा सिटी, 1.5 व्हीटेक. 106 अश्वशक्तीचं हे इंजिन भारतात 2000 साली आलं आणि टनभर वजनाच्या त्या गाडीत ते आजही हसत हसत धावतं. वायरिंगनं त्या आकड्यात काही भर घातलेली नाही. मग केलं कशासाठी, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

आमच्या बाबांचं आयुष्य टिपरच्या वायरिंगमध्ये गेलं. डिचोली-साखळी पट्ट्यातले खनिज वाहणारे टिपर, चोवीस व्होल्टचे, तांबड्या धुळीनं माखलेले. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद झाल्या आणि ते टिपर जिथे होते तिथेच उभे राहिले. पावसाळे त्यांच्या अंगावरून गेले. पुढे मालक एकेक गाडी विकायला काढू लागले, तेव्हा त्या चालू करायचं काम बाबांकडे आलं आणि टेस्ट लॅम्प धरायला मी. तेव्हा पाहिलेलं एक दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. बाबांनी एका हेडलाइटची वायर सोलली. बाहेरून तिचं लाल प्लॅस्टिक नव्यासारखं. आत तांब्याची तार हिरवी, आणि सोलत गेलो तशी आणखी हातभर काळी. कपलरपाशी, म्हणजे वायरी जोडायच्या खोबणीपाशी, कुणीतरी पूर्वी दोन तारा हातानं पिळून वर साधी टेप गुंडाळली होती. त्या जोडातून पाणी शिरलं आणि तारांच्या मधल्या फटींतून वर चढत गेलं. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत हे फार लवकर होतं. बाबा म्हणाले, "वायर मेलेली बाहेरून कळत नाही."

म्हणून वायरी लपवल्या का, असं कुणी विचारलं की मला ते खटकतं. लपवणं हा हेतूच नव्हता. बारीकसारीक कामं करून घेणाऱ्या आधीच्या मालकांनी या सिटीत हॉर्नची, फॉग लॅम्पची, अलार्मची, म्युझिक सिस्टिमची अशी एकावर एक वायरिंगं चढवली होती. इंजिन नव्यानं बांधायला खाली उतरवलं, तेव्हा हार्नेस, म्हणजे वायरींचं एकत्र बांधलेलं जुडगं, काढून घरच्या पडवीत सतरंजीवर पसरला. तीन संध्याकाळी मी फक्त चिठ्ठ्या लावत होते. प्रत्येक कपलरला पांढरी टेप, त्यावर नाव. चार इंजेक्टर, तापमानाचा सेन्सर, थ्रॉटलचा सेन्सर, व्हीटेकचा सोलेनॉइड. मग मल्टिमीटरनं प्रत्येक वायरीची दोन्ही टोकं जुळवली. ज्या वायरीचं दुसरं टोक सापडलं नाही, ती सापडेपर्यंत कापली नाही. काही कपलर मुळातच रिकामे होते. कंपनी एकच हार्नेस वेगवेगळ्या मॉडेलांना बसवते, त्यामुळे आपल्या गाडीत नसलेल्या सोयींच्या वायरीही त्यात असतात. त्या आणि मागाहून चढवलेलं सगळं काढलं. एसीची वायर मात्र ठेवली. मे महिन्यात काचा खाली करून पणजीच्या सिग्नलला उभं राहून पाहा, मग सांगा एसी काढायचा का ते.

उरलेल्या वायरींना नवी वाट दिली. पूर्वी हार्नेस इंजिनावरून आडवा जायचा. आता तो फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या, काठानं येतो आणि हवा आत घेणाऱ्या इनटेकच्या खालून इंजेक्टरपर्यंत पोहोचतो. फ्यूज बॉक्स डॅशबोर्डखाली गेला. फायरवॉलमधून वायर जिथे आत शिरते तिथे रबरी ग्रोमेट आहे आणि त्याच्या अलीकडे प्रत्येक जुडग्याला खाली एक झोळ दिलाय. घराच्या मीटरला येणाऱ्या वायरीला वायरमन देतो तसाच. पाणी त्या झोळापर्यंत ओघळतं आणि खाली गळून जातं, आत शिरत नाही.

साधी पीव्हीसी वायर एक्झॉस्टच्या बाजूला वापरली नाही. ती उष्णतेनं आधी कडक होते, मग तडकते. 125 अंशांपर्यंत टिकणारी क्रॉसलिंक्ड आवरणाची वायर घेतली. जोड सगळे क्रिम्प केले, म्हणजे धातूच्या नळीत दाबून पक्के केले, त्यावर आतून गोंद असलेली, तापवली की आवळणारी श्रिंक स्लीव्ह. सोल्डर का नाही, असंही विचारतात. सोल्डर तारांमधून वर चढतं, तिथवर वायर काडीसारखी ताठ होते आणि जिथे ताठ भाग संपतो तिथेच इंजिनाच्या थरथरीनं तुटते. आणि सगळे जोड एका जागी आणायचे नाहीत. अजगरानं काहीतरी गिळल्यासारखी गाठ होते, शिवाय एक जोड बिघडला तर शेजारचेही घासले जातात.

आता चूक सांगते, कारण सगळ्यांत जास्त शिकले ती तिच्यातून.

बॅटरी डिकीत नेली. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत आधीच सगळा भार नाकावर असतो, त्यातले दहा-बारा किलो मागे गेले, हा त्यातला खरा फायदा. इंजिन-बे, म्हणजे बॉनेटखालची इंजिनाची जागा, नवा रंगवून घेतला होता, चकचकीत पांढरा. इंजिनाची अर्थ वायर (इंजिन आणि बॉडी जोडणारी, करंट परत नेणारी पट्टी) त्या रंगावरच बोल्टनं आवळली. पहिल्या दिवशी गाडी लगेच चालू झाली. आठवड्याभरानं संध्याकाळी हेडलाइट लावला आणि तापमानाचा काटा वर सरकला. दिवा बंद केला, काटा खाली आला. रेडिएटर पाहिला, थर्मोस्टॅट बदलला, तरी तेच. मग एका सकाळी सेल्फ रडत रडत फिरला आणि मी बॉनेट उघडून अॅक्सिलरेटरच्या केबलला हात लावला. केबल गरम होती. नुसती कोमट नव्हे, बोट मागे घ्यावं इतकी.

तेव्हा उलगडा झाला. बॅटरीचं ऋण टोक डिकीत बॉडीला जोडलेलं. म्हणजे सेल्फला लागणारा सगळा करंट इंजिन आणि बॉडी यांच्यामधल्या त्या एका पट्टीतून परत जायला हवा. पट्टीखाली रंगाचा थर. करंटला वाट हवीच असते, त्यानं अॅक्सिलरेटरच्या केबलचं लोखंड पकडलं. काट्याचं कारणही तेच. दिवे लागले की अल्टरनेटर जास्त करंट देतो, तोही त्याच खराब जोडातून इंजिनाकडे परततो, इंजिन आणि बॉडी यांच्यात थोड्या व्होल्टेजचा फरक पडतो, आणि इंजिनातूनच अर्थ घेणारा सेन्सर मीटरला खोटं सांगतो. इंजिन अजिबात तापलं नव्हतं.

हे पाच मिनिटांत तपासता येतं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, एक सुई इंजिनच्या उघड्या धातूवर, दुसरी बॉडीच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. 0.2 व्होल्टच्या आत आकडा हवा. माझ्या गाडीत दीड व्होल्ट दिसला. रंग खरवडून पत्रा चमकेपर्यंत घासला, दातेरी वॉशर घातला, बॅटरीच्याच केबलइतकी जाड पट्टी आवळली आणि वरून व्हॅसलिनचा जाड लेप दिला. हा शेवटचा लेप गोव्यात विसरू नका. त्या दिवसापासून काटा जागचा हलला नाही.

बॅटरी मागे नेणाऱ्यांनी केबलच्या जाडीत काटकसर करू नये. हिशेब सोपा आहे. सेल्फनं 150 अँपिअर ओढले आणि पाच मीटर केबल 16 स्क्वेअर एमएमची असली, तर जवळजवळ 0.8 व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. 35 ची घेतली तर 0.37, आणि 50 ची घेतली तर पाव व्होल्टच्या आसपास. मी 50 ची घातली. बॅटरीपासून वीतभर अंतरावर मोठा फ्यूज हवाच. तो नसेल तर वाटेत कुठे केबल पत्र्यावर घासली की गाडी पेटेपर्यंत तिला थांबवणारं कुणी नसतं. आणि साधी ओली बॅटरी डिकीत ठेवू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. सीलबंद एजीएम घ्या, तिच्यात मोकळं आम्ल नसतं.

काही गोष्टींना मी हातच लावत नाही. पिवळ्या आवरणाच्या एअरबॅगच्या वायरी आणि एबीएसच्या वायरी, मग कुणी कितीही पैसे देवो. मडगार्डच्या आतून हार्नेस नेणंही मला पसंत नाही. फोटोत सुंदर दिसतं, पण चाक पूर्ण वळवल्यावर टायर तिथे घासतो, आणि आपल्या तांबड्या चिखलाचा मारा तर थेट तिथेच असतो. इंजिन किती फिरतंय ते सांगणाऱ्या क्रँक सेन्सरची वायर इग्निशनच्या वायरींना चिकटवून नेऊ नका. तिचा सिग्नल नाजूक असतो, त्यात गोंगाट शिरतो आणि गाडी वरच्या आरपीएमला उगाच अडखळते.

कायद्याचंही सांगायला हवं. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. मी हे तोंडावर सांगते, विमा कंपनीला कळवायला लावते, आणि बॅटरी हलवण्याआधी मालकाची लेखी संमती घेते.

आणि वायरी खऱ्या अर्थानं गेल्या कुठे, तर एका वहीत. कुठली वायर, कुठला रंग, कुठल्या कपलरच्या कितव्या पिनेत, कुठून गेली, कुठे जोड आहे, सगळं त्यात आहे. त्याची प्रत प्लॅस्टिकमध्ये घालून ग्लव्ह बॉक्समध्ये असते. माझा भाऊ मागच्या जुलैत बेळगावहून येताना चोर्ला घाटात रात्री बंद पडला. पेट्रोलच्या पंपाचा आवाज येत नव्हता. त्याला वायरिंगमधलं ओ की ठो कळत नाही. मी फोनवर वहीतलं तिसरं पान उघड म्हटलं, डावीकडून दुसरा रिले (पंपाला करंट देणारा स्विच) काढून हॉर्नचा तिथे लाव म्हटलं, दोन्ही एकाच जातीचे मुद्दाम ठेवले होते. धुक्यात हॉर्नशिवाय, दिवे लावून, सावकाश तो घरी आला.

तेव्हा गाडी आणायची असेल तर जरूर आणा, पण पावसात नको. जुलैत हार्नेस उघडला तर टेप नीट चिकटत नाही आणि सोललेल्या तांब्याचा रंग दोन दिवसांत उतरतो. दिवाळी झाली की या. येण्याआधी बॉनेटखालचे फोटो काढून ठेवा, आणि मागाहून बसवलेलं काय काय आहे ते आठवून कागदावर लिहून आणा. काम तिथूनच सुरू होतं.