तुम्ही विचारलंत म्हणून: चेतापेशीतला आवेग संपवतो तो पंप नव्हे

"आवेग येऊन गेला की सोडियम-पोटॅशियम पंप सोडियम बाहेर फेकतो, म्हणून चेतापेशी आतून पुन्हा ऋण होते. बरोबर ना?" दर वर्षी हाच प्रश्न येतो. नाही, बरोबर नाही. आवेग म्हणजे चेतापेशीतून धावणारा विजेचा क्षणिक संदेश: पेशीच्या पटलातले सोडियम चॅनेल, म्हणजे सोडियमला वाट देणारी दारं, उघडतात, सोडियम आत शिरतं आणि आतलं ऋण व्होल्टेज क्षणभर धन होतं. पंप म्हणजे त्याच पटलातलं, ऊर्जा खर्चून सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत नेणारं प्रथिन.

आधी वेळ पाहा. एका जागी आवेग साधारण १ मिलिसेकंद टिकतो. पंपाच्या एका फेरीत ३ सोडियम बाहेर जातात आणि २ पोटॅशियम आत येतात, आणि या फेरीलाच ५ ते १० मिलिसेकंद लागतात. म्हणजे पंपाची फेरी पुरी होण्याआधीच आवेग संपलेला असतो. व्होल्टेज खाली येतं ते दोन कारणांनी: उघडलेले सोडियम चॅनेल आपोआप बंद पडतात, आणि जरा उशिरा उघडणाऱ्या पोटॅशियम चॅनेलमधून पोटॅशियम बाहेर पडतं. आत आलेलं सोडियम तेव्हाही आतच असतं.

"मग ते साचत नाही का?" साचतं, पण किती? जितकं सोडियम आत येतं साधारण तितकंच पोटॅशियम बाहेर जातं, म्हणून पोटॅशियमचा हिशेब पाहा. स्क्विडच्या, म्हणजे आपल्या माकुळाच्या जातीच्या प्राण्याच्या, अर्धा मिलिमीटर जाडीच्या अक्षतंतूत (चेतापेशीच्या लांब धाग्यात) पोटॅशियम आत ४०० आणि बाहेर २० मिलिमोलर (द्रावणातल्या प्रमाणाचं एकक) असतं. एका आवेगात दर चौरस सेंटिमीटरला ३-४ पिकोमोल, म्हणजे अगदी नगण्य, पोटॅशियम बाहेर जातं. आतल्या साठ्याच्या मानाने हे दहा लाखांत एक भागाच्या आसपास. पटलावरचं व्होल्टेज इतक्यानेच १०० मिलिव्होल्टने बदलतं, कारण पटल फार पातळ आहे.

तरीही पटत नसेल, तर १९६१ साली बेकर, हॉजकिन आणि शॉ या शास्त्रज्ञांनी काय केलं ते पाहा. त्यांनी अक्षतंतू रबराच्या गादीवर ठेवला आणि छोटा रबरी रूळ कापलेल्या टोकाकडे पुन्हापुन्हा फिरवून आतला बहुतेक सगळा पेशीद्रव पिळून काढला. उरली ती चपटी, रिकामी नळी. त्या नळीत पोटॅशियम सल्फेटचं, पेशीद्रवाइतक्याच तीव्रतेचं द्रावण भरलं आणि बाहेर समुद्राचं पाणी ठेवलं. आत एटीपी घातलेलं नव्हतं, म्हणजे पंपाला इंधनच नव्हतं. तरी नळी आवेग देत राहिली, तासन्‌तास, आणि आवेगाचा आकारही जवळपास पूर्वीसारखाच. आत पोटॅशियमऐवजी सोडियम भरलं की विश्रांतीचं, म्हणजे आवेग नसतानाचं, व्होल्टेज नाहीसं व्हायचं; पुन्हा पोटॅशियम भरलं की परत यायचं. लागत होता तो फक्त पटलाच्या दोन बाजूंच्या सोडियम-पोटॅशियमच्या प्रमाणातला फरक आणि शाबूत पटल. त्याआधी, १९५५ साली, हॉजकिन आणि कीन्स यांनी डायनायट्रोफिनॉल हे पेशीची ऊर्जानिर्मिती रोखणारं रसायन देऊन सोडियम बाहेर टाकण्याची क्रिया जवळजवळ थांबवली होती, तेव्हाही आवेग चालूच होते.

'आवेगात पंपाचा काहीच भाग नाही' असं वाक्य मीही वर्षानुवर्षं ठणकावून सांगितलं. ते वाक्य आता जसंच्या तसं उभं करता येत नाही. वरचा हिशेब जाड तंतूचा आहे. तंतू १ मायक्रोमीटरचा असेल तर पृष्ठभागाच्या मानाने आतला साठा फारच कमी, आणि एकाच आवेगात साठ्याचा हजारातला एक भाग इकडचा तिकडे होऊ शकतो. असा तंतू सेकंदाला दहा-वीस आवेग देत राहिला तर पंपाशिवाय त्याचं फार काळ निभत नाही. शिवाय ३ बाहेर, २ आत या विषम हिशेबामुळे पंप स्वतःही थोडासा प्रवाह वाहतो. आवेगांची मोठी माळ संपल्यावर व्होल्टेज आणखी खाली जातं, त्यात त्याचा वाटा असतो. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला तर काही मिनिटांतच पंप हरतो, पेशींमधल्या अरुंद फटींत पोटॅशियम साचतं आणि पेशी आवेग देईनाशा होतात.

यावर "म्हणजे आमचंच बरोबर होतं" असं कोणी म्हटलं, की पुन्हा नाही म्हणावं लागतं. दाढ काढण्याआधी दिलेलं लिग्नोकेन सोडियम चॅनेल अडवतं, पंप नाही, आणि हिरडी बधिर होते. पण तो चॅनेल उघडल्यावर सोडियम आत ओढणारा फरक उभा कोणी केला, असं विचारलंत तर उत्तर पंप हेच आहे. मग पंपाला आवेगाचं कारण म्हणायचं की नाही, याचं एका शब्दात उत्तर माझ्याकडून मागू नका.