पात्राचा भूतकाळ: किती सांगायचा, कुठे सांगायचा

पात्राचं बालपण, मोडलेलं लग्न, सुटलेली नोकरी हे सगळं लेखकाच्या वहीत असायलाच हवं. त्यातलं कथेत किती उतरवायचं, हा हिशेब मात्र वेगळा. वाचकाला प्रश्न पडायच्या आत उत्तर दिलं, की कथा ढेपाळलीच.

समजा, कथा २०१० सालच्या इंदूरमधली आहे. वसंतराव साठीचे, हुकुमचंद मिलमधले कामगार. मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली, म्हणजे तेव्हा ते एकेचाळीसचे. ही वजाबाकी आधीच करून ठेवायची, नाहीतर मिल बंद पडताना कॉलेजात असलेल्या मुलाची चार पानांनंतर मुंज होते.

पहिल्या खर्ड्यात हमखास येणारं वाक्य: ‘बाबा, तुमची मिल बंद पडून एकोणीस वर्षं झाली, अजून पैसे मिळाले नाहीत.’ बाबांना हे ठाऊक नाही का? त्यापेक्षा त्यांना भांडू द्या. मुलगा फ्लॅटच्या हप्त्याचा विषय काढतो. वसंतराव म्हणतात, ‘मिलचे पैसे आले की देतो.’ सून न बोलता अर्धं जेवलेलं ताट उचलते. हे आश्वासन घरात किती जुनं झालंय ते त्या ताटावरून कळतं.

सून पुण्याची, हे तर सांगावंही लागत नाही. पोह्यांवर घरातले सगळे शेव आणि जिरावन हा इंदुरी मसाला घेतात, तिच्या बशीत ओलं खोबरं. (इथे जिलबी आणायचा मोह आवरा. जिलबी गावाची ओळख सांगते, माणसाची नाही.)

कधीकधी मागे जाऊन प्रसंग दाखवावाच लागतो. तिथे मराठीत घात करतो तो ‘होता-होती’चा रतीब: ‘भोंगा झाला नव्हता. गेटवर गर्दी जमली होती. नोटीस लागली होती.’ असं पानभर कोण वाचणार? पहिल्या एक-दोन वाक्यांना ‘होती’ ठेवा आणि मग साध्या भूतकाळात या: ‘वसंतराव डबा घेऊन गेटपर्यंत गेले. वॉचमनने मान हलवली.’ परत येताना समोरच्या प्रसंगातली एखादी वस्तू पुरते. सुनेने डाळ वाढली, झालं. आत शिरायलाही तसंच काहीतरी हाताशी हवं. खिडकीतला पाऊस बघून आठवणीत बुडणारी पात्रं फार झाली.

खर्डा संपला की भूतकाळाच्या ओळींखाली लाल रेघ मारा. सलग परिच्छेद लाल दिसला तर तो फोडा. मग त्या सगळ्या ओळी काढलेली प्रत कुणाला तरी वाचायला द्या. ‘हा असा का वागतो?’ असं तो जिथे विचारेल, तिथलीच ओळ परत आणायची.

उलटी चूकही होते. वसंतरावांनी मिलच्या पैशांच्या भरवशावर आधीच कर्ज काढलंय, पण कथा त्यांच्याच मनातून चाललेली असताना हे शेवटच्या पानापर्यंत दडवलं, तर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. दडवायचंच असेल तर कथा सुनेच्या नजरेतून सांगा.