तुम्ही विचारलंत म्हणून: गणितात आता शोधायचं काय राहिलंय?

लग्नात, ट्रेनमध्ये, सोसायटीच्या मीटिंगला, सगळीकडे हेच, "सर तुम्ही मॅथ्सचे ना, मग रिसर्च म्हणजे करता काय, आकडेमोड तर कम्प्युटर करतो." आधी टाळायचो, आता सरळ घड्याळांपासून सुरू करतो.

1665 मध्ये हायगेन्स हा डच शास्त्रज्ञ आजारी म्हणून अंथरुणात पडून होता, समोर एकाच आधाराला टांगलेली दोन लंबकाची घड्याळं, आणि त्याच्या लक्षात आलं की लंबक कसेही सोडा, अर्ध्या तासात एक डावीकडे तर दुसरा उजवीकडे असे बरोब्बर जुळतात. मधलं लाकूड जरासं हलून याचा धक्का त्याला पोचवत होतं. आता दोनऐवजी हजार घ्या, प्रत्येकाचा वेग थोडा वेगळा, कोण कोणाला जोडलंय तेही वेगळं, मग जुळतील का आणि जुळलेली टिकतील का? बस्स, पंधरा वर्षं हेच चाललंय.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी कोडमध्ये अशा एकमेकांना जोडलेल्या घड्याळांच्या जाळ्याला, म्हणजे नेटवर्कला, एकच जोड वाढवली तर छान जुळलेलं सगळं विस्कटलं. बग असणार म्हणून दोन महिने घातले, गाइड म्हणाले आधी कागदावर चार-पाच बिंदूंचं करून बघ, केलं तर खरंच निघालं, नव्या जोडीमुळे भार फिरून आधीच ताणलेल्या भलत्याच जोडीवर जाऊन पडतो. (रस्त्यांबद्दल हे ब्राएस या जर्मन गणितज्ञाने 1968 लाच सांगितलेलं, नवा रस्ता बांधून ट्रॅफिक आणखी तुंबू शकतं, पुणेकरांना वेगळं सांगायला नको.) मी प्रूफ घासत बसलो आणि 2012 मध्ये जर्मनीतल्या गॉटिंगेनच्या विटहाउट आणि टिमे यांचा पेपर आला, वीज ग्रिडसारख्या (वीजकेंद्रं आणि लाइन्सचं जाळं) नेटवर्कवर नेमकं हेच. आठवडाभर घास उतरला नाही.

त्याच वर्षी 31 जुलैला उत्तर, पूर्व आणि ईशान्येकडची ग्रिड कोसळली, साठेक कोटी लोकांची वीज गेली. सगळे जनरेटर 50 हर्ट्झच्या (सेकंदाला 50 आवर्तनं) आसपास एका तालात फिरावे लागतात, एक लाइन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, की तिचा भार शेजारणींवर, मग त्याही जातात. पश्चिमेची ग्रिड वाचली म्हणून आमच्या सोलापुरात पंखे चालू होते. आईचा फोन, "तुझं ते जुळायचं-बिळायचं म्हणतोस ते हेच काय रं?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी नीट प्रश्न विचारला होता!

31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर लाइनने दक्षिणेची ग्रिडही जोडली गेली. आई म्हणाली, "मग आता तिकडं गेली की आपल्याकडची पण जाणार?" म्हटलं, अवलंबून आहे, कुठली लाइन, किती भार...

"म्हंजे एवढं शिकून तुलाबी ठाऊक नाही."