पावणेतीन

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मराठी शाळेत मी सहावीला गणित शिकवते. वर्गातली बरीच मुलं घरी तेलुगू बोलतात. खिडकीबाहेर यंत्रमागांची खटखट चालूच असते, त्यामुळे तोंडी गणितंही मला ओरडूनच सांगावी लागतात.

त्या दिवशी सांगितलं, 'पावणेतीन किलो ज्वारी आणि दीड किलो तांदूळ, मिळून किती?' पूर्णांकयुक्त अपूर्णांकांची बेरीज नुकतीच झाली होती. यातल्या नेहमीच्या चुका मला पाठ आहेत. कुणी अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून मोकळं होतं, कुणी समच्छेद करताना छेद बदलतं आणि अंश तसाच ठेवतं. एका मुलीची वही मात्र कळेना. उत्तर सव्वापाच, हवं होतं सव्वाचार. पायऱ्या बघाव्यात तर सगळ्या बिनचूक: १५/४ + ३/२, मग १५/४ + ६/४, मग २१/४, म्हणजे ५ १/४. पण ११/४ च्या जागी हे १५/४ आलं कुठून?

फुली मी तोवर मारून टाकली होती. ती वही घेऊन टेबलापाशीच उभी राहिली. 'बाई, चुकलं कुठं?'

'सव्वातीन लिही.' ३ १/४. 'साडेतीन?' ३ १/२. (तुळजापूर एवढं जवळ असताना साडेतीन कोण चुकणार!) 'पावणेतीन?'

३ ३/४.

'तसंच की, बाई.'

घरी काय म्हणता, असं विचारलं, तर २ ३/४ ला म्हणाली, 'रेंडुम्मुप्पावु'. दोन आणि वर तीन पाव. सरळ हिशोब. आपण मराठीत पुढच्या आकड्याचं नाव घेतो आणि त्यातला पाव काढून घेतो. जन्मभर बोलत आले, पण हे मुद्दाम शिकवावं लागतं, हे डोक्यात आलंच नव्हतं.

आणि मग शनिवार आठवला. जादा तासाला पावणेआठला बोलावलं होतं, ही आली पावणेनऊला. अर्धा तास दारात उभी केली होती मी तिला.

'एकोणतीस लिही बरं.' २९. 'तीस ऐकू आलं, मग ३९ का नाही?'

'त्यात एक कमी असतंय की.'

'मग यात पाव कमी.' पाऊण हा शब्दच 'पादोन'वरून आलाय, पाद म्हणजे पाव आणि ऊन म्हणजे कमी, हेही सांगितलं. ते तिनं फारसं ऐकलं नसावं, ती बोटांवर काहीतरी मोजत होती.

'मग साडेदोन का म्हणत नाहीत, बाई?'

याला उत्तर नव्हतं माझ्याकडे. फुली खोडली आणि पाचपैकी 'पावणेपाच' असे गुण अक्षरात लिहिले. तिनं वाचलं, जरा थांबली आणि खाली पेन्सिलीनं लिहिलं, ४ ३/४.